बासाचा जीव पाठीत



दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, पाहुणे आपापल्या गावी गेले. घर रिकामं झालं की मला लिहायला सुचतं. यावेळचा विषय वाचून माझ्या बहिणी हसतील हे नक्की. चौतीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई विमानाच्या पंखावर काय लिहिणार? पण विषय आपण होऊन घरात आला, तोही थर्माकोलचा कचरा घेऊन, त्याला मी काय करू?

झालं असं. आमचा नातू पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजातली काही मुलं मिळून स्पर्धेसाठी ग्लायडर करत आहेत. इंजिन नाही, हातानं फेकायचं आणि वाऱ्यावर तरंगू द्यायचं. दोन मीटरचा पंख. सुट्टीत भंडाऱ्याला येताना तो सगळं सामान घेऊन आला आणि माझ्या देवघरासमोरच्या खोलीत त्यानं कारखाना थाटला. थर्माकोलचा पंख तारेनं सुरेख कापला. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड चिकटवायचं होतं, आणि नेमकी पुण्याहून येणारी रेझिनची बाटली आलीच नाही. मग गडी नागपूरला गेला. आमच्याकडे उन्हाळ्यात फायबरच्या बॉडीचे कूलर घरोघरी असतात. ते बनवणाऱ्या एका दुकानातून त्यानं रेझिन आणलं आणि ब्रशानं पंखावर लावलं. पुढच्या दोन मिनिटांत, पावसात गुळाची ढेप बसावी तसा तो पंख आमच्या डोळ्यांदेखत खाली बसला.

कारण नंतर त्यानंच शोधून काढलं. कूलरवाल्यांचं रेझिन पॉलिएस्टर जातीचं. त्यात स्टायरीन नावाचा द्रव असतो, आणि थर्माकोल म्हणजे त्याच स्टायरीनचं फुगवलेलं रूप. एकानं दुसऱ्याला विरघळवलं. थर्माकोलवर चालतं ते इपॉक्सी, म्हणजे आपल्या घरात तुटक्या कपबशा चिकटवायला असतं त्या अराल्डाइटच्या कुळातलं.

डोक्याला हात लावून तो म्हणाला, "आजी, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं गं!"

मी म्हटलं, "अरे, आधी कोण काय करून बसलं हे सांगणाऱ्या विषयालाच इतिहास म्हणतात. तुम्हाला तो शाळेत कंटाळवाणा वाटायचा."

तर मंडळी, त्या एका वाक्यामुळे मी अडकले. पंख कशाकशाचे होत आले हे त्याला सांगायचं म्हणून महिनाभर मीच वाचत बसले, आणि वाचता वाचता चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट पुन्हा समोर उभी राहिली. ती सांगायला मन धजत नव्हतं. पण आता सांगते.

आधी ते 'कॉम्पोझिट' प्रकरण. दोन वेगळे पदार्थ असे एकत्र करायचे की एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढावी. माझं माहेर लाखांदूरकडचं. आमच्या जुन्या घराला कुडाच्या भिंती होत्या. बांबूचा तट्टा, आणि दोन्ही अंगांनी तणस कालवलेली माती. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: तणस म्हणजे धानाचा पेंढा.) नुसती माती वाळली की तडकते. नुसत्या तट्ट्यातून वारा येतो. दोन्ही मिळून झालेली भिंत माझ्या आजोबांच्या आधीपासून उभी होती. आजी जुने कागद भिजवून, मेथी घालून कुटायची आणि तो लगदा पालथ्या टोपलीवर थापायची. वाळल्यावर हलकी, घट्ट टोपली निघायची. धागा, तो धरून ठेवणारा चिकटा, आणि आकार देणारा साचा. आज कार्बन फायबरचा पंख करताना हेच तीन लागतात.

मग पंखाला काय लागतं? नातवानं मला कावडीचं उदाहरण दिलं, आणि ते मला फार आवडलं. कावडीच्या दोन टोकांना घागरी लावल्या की दांडा टोकांकडे खाली वाकतो. त्याची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. पंखाचं याच्या उलटं. हवा पंखाला खालून उचलते, टोकं वर वाकतात, म्हणून वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधल्या भागाला काम कमी. तेव्हा ताकदीचा माल वर आणि खाली ठेवायचा, आणि मधे काहीतरी हलकं भरून त्या दोघांना एकमेकांपासून लांब धरायचं. पंखाचं सगळं शास्त्र एवढंच नाही, पण माल निवडण्याची गुरुकिल्ली ही आहे. 'सगळ्यात भारी माल कुठला' हा प्रश्नच चुकीचा. कुठला माल कुठे, हा खरा प्रश्न.

आता इतिहास. जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल १८९१ ते १८९६ या काळात टेकडीवरून उड्या घेऊन तरंगत असे. दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली त्यानं. त्याचे पंख विलो झाडाच्या फोकांचे आणि बांबूचे, वर सुती कापड. शेवटी पडूनच गेला बिचारा, १० ऑगस्ट १८९६ ला. राइट बंधूंनी १९०३ साली स्प्रूसचं लाकूड आणि मलमल वापरली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या सांतोस-दुमाँ नावाच्या ब्राझीलच्या गृहस्थानं १९०७ नंतर 'दमोआझेल' नावाचं चिमुकलं विमान केलं. त्याच्या सांगाड्यात बांबू होता, आणि पंखावर चक्क रेशीम! मी हे वाचलं आणि मला आमचं आंधळगाव आठवलं. मोहाडी तालुक्यातलं हे गाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध. जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचं हे रेशीम. पुढे छोटी मॉडेल विमानं करणारेही कित्येक वर्षं पंखावर रेशीम ताणून त्याला डोप नावाचं रोगण द्यायचे. रोगण सुकताना कापड आवळतं आणि ढोलकीसारखं ताठ होतं.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांवर आयरिश लिनन असे. लिनन कशाचं होतं? जवसाचं. तेच जवस, जे आमच्याकडे धान निघालं की बांधीत लाखोरीच्या जोडीनं पेरतात, आणि ज्याची चटणी तुम्ही भंडाऱ्याला आल्यावर डबा भरून नेता. आम्ही बी ठेवलं, तेल काढलं, आणि काड्या जाळल्या. धाग्याच्या आणि तेलाच्या जाती वेगळ्या असतात हे खरं, पण झाड एकच.

याच जवसाची पुढची गोष्ट तर मला माहीतच नव्हती. इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रुइन नावाच्या शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात जवसाचे धागे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, दाबाखाली भाजून एक पदार्थ केला. नाव 'गॉर्डन एरोलाइट'. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम कमी पडलं तर काय, या धास्तीपोटी स्पिटफायर या लढाऊ विमानाचं धड या जवसाच्या पदार्थाचं करून पाहिलं होतं. ॲल्युमिनियम मिळत राहिलं आणि तो प्रयोग मागे पडला. पण धागा आणि रेझिन यांच्या जोडीवर विमान बेतता येतं, हे तेव्हाच करून पाहिलं गेलं होतं. आता पर्यावरणाच्या काळजीपोटी जवसाचा धागा पुन्हा कॉम्पोझिटमध्ये येतो आहे.

त्याच युद्धातलं 'मॉस्किटो' हे विमान २५ नोव्हेंबर १९४० ला पहिल्यांदा उडालं. त्याच्या धडाला बाहेरून-आतून बर्चच्या पातळ प्लायचे थर आणि मधे बाल्सा. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं, मुख्यतः इक्वेडोरमधून येणारं लाकूड. आपला साग एका घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, तर मॉडेलवाल्यांचा बाल्सा १०० ते २०० किलो. वर-खाली ताकद, मधे हलकं. कावडीचाच धडा.

आणि मग १९५७. जर्मनीत श्टुटगार्टला एप्लर आणि नेगेले या तरुणांनी 'फिनिक्स' नावाचं ग्लायडर केलं. २७ नोव्हेंबर १९५७ ला ते उडालं. काचेच्या धाग्यांचं कवच आणि आत बाल्सा, असं पहिलं ग्लायडर. लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणलं की पृष्ठभाग खालीवर होतो. साच्यातून निघालेला काचधाग्याचा पंख मात्र गुळगुळीत असतो, हवा त्यावरून सरळ घसरते. कार्बनचा ताकदवान धागा इंग्लंडच्या फार्नबरोच्या सरकारी संस्थेत १९६३च्या सुमारास तयार झाला, आणि १९७२ साली ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांनी 'एसबी-१०' या ग्लायडरच्या लांबच लांब पंखात तो वापरला. लक्षात घ्या, विद्यार्थ्यांनी! मोठ्या प्रवासी विमानांच्या पंखात कार्बन यायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. नवा माल आधी ग्लायडरनं पारखला.

आपल्याकडे काय चाललं होतं? नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीच्या तांत्रिक केंद्रात एस. राममृतम् यांच्या पुढाकारानं भारतीय ग्लायडरं तयार होत होती. त्यांची नावं ऐका. अश्विनी १९५८, रोहिणी १९६१, कार्तिक १९६३, मृगशीर १९७०, आर्द्रा १९७९. सगळी नक्षत्रांवरून! आमच्या धानाच्या जिल्ह्यात रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं घेतली की शेतकरी आभाळाकडे पाहतो. आभाळाकडेच पाहून कोणीतरी ती नावं ग्लायडरांना दिली, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. रोहिणीचे पंख लाकडाचे होते. पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर होतं, हे तेवढं ऐकून माहीत होतं.

वर्गात मी यातलं काहीच सांगितलं नाही. मी काय सांगत होते? तळपद्यांची गोष्ट. शिवकर बापूजी तळपदे, मुंबईची चौपाटी, १८९५, राइट बंधूंच्या आधी विमान. टाळ्या पडायच्या. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा मी स्वतः कधी पाहिला नव्हता, आजही पाहिलेला नाही. ज्या वैमानिकशास्त्राचा या गोष्टीबरोबर दाखला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ सालीच काढला होता. म्हणजे मी शिकवत होते तेव्हाच. इतिहासाच्या बाईनं पुराव्याशिवाय बोलू नये, पण बोलले खरी. आणि पुरावा जेव्हा वर्गात येऊन उभा राहिला, तेव्हा तो मला दिसला नाही.

ती गोष्ट अशी.

साल १९८४. एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात जाऊन आले होते आणि शाळेतल्या प्रत्येक पोराला काहीतरी उडवायचं होतं. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका गावी शिकवत होते. शाळेचं नाव सांगत नाही. हिवाळ्यात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. विज्ञानाचे सर आजारी रजेवर, म्हणून मुख्याध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात टाकलं. प्रदर्शनाला शाळेतून एकच विमान पाठवायचं होतं आणि दोन आली.

एक होतं बाल्साचं. त्या मुलाच्या काकांनी मुंबईहून संच आणला होता. कापलेले तुकडे, छापील नकाशा, पांढराशुभ्र पातळ कागद. दुसरं नववीतल्या एका बुरडाच्या मुलानं केलं होतं. बांबूच्या काड्या, पतंगाचा जांभळा आणि हिरवा कागद, कोशाच्या धाग्यानं बांधलेले सांधे, भाताची खळ. पंखाच्या लांबीत जी मुख्य पट्टी लागते, ती त्यानं अशी केली होती: खाली एक पातळ बांबूची कामटी, वर एक कामटी, आणि मधे ज्वारीच्या धांड्यातला पांढरा गाभा. पोरं ज्याच्या बैलगाड्या करतात तो.

त्याचे वडील सुपं-टोपल्या विकत शाळेवरून जात होते. मुलाचं विमान आहे म्हणून दारात थांबले. मला म्हणाले, "बाई, बासाचा जीव पाठीत असते जी. पोट फेकून द्या लागते. मी त्याले दोन्हीकडून पाठच लावाले सांगलो."

मी हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. आणि मुलाला म्हटलं, "अरे, हा तर पतंग झाला. प्रदर्शन विज्ञानाचं आहे, बाजाराचं नाही."

खरं सांगायचं तर बाल्साचं विमान उडतही छान होतं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत संथ गेलं. बांबूचं मात्र नाक वर करायचं, थबकायचं आणि मागे घसरून पडायचं. तीनदा पडलं. मी बाल्साचं पाठवलं, त्याला दुसरा नंबर मिळाला. बांबूचा पंख स्टाफरूमच्या कपाटावर राहिला. पुढच्या पावसाळ्यात वाळवीनं कागद खाल्ला, खळही खाल्ली. तो मुलगा दहावीनंतर शाळेत दिसला नाही.

एवढीच गोष्ट. कोणाचं मोठं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच ती मी इतकी वर्षं विसरू शकले.

परवा नातवाला हे सांगितलं तेव्हा तो काम टाकून सरळ बसला. म्हणाला, "आजी, मधे धांड्याचा गाभा आणि वर-खाली बांबू? अगं, तो सँडविच स्पार आहे! आणि नाक वर करून पडत होतं म्हणजे मागे जड होतं. नाकात जरा माती चिकटवली असती तर उडालं असतं."

चिमूटभर माती. पंखात खोट नव्हतीच. तोल साधला नव्हता एवढंच, आणि तोल कसा साधतात हे शिकवणं शाळेचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बुरड वस्तीत गेलो. आता दोनचारच घरं हे काम करतात. प्लास्टिकची टोपली स्वस्त पडते आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं. आमच्या जंगलातला बांबू मानवेल जातीचा, आतून जवळजवळ भरीव. वर्षानुवर्षं हा बांबू कायद्याच्या लेखी झाड होता. २०१७च्या शेवटी भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. वनस्पतीशास्त्र तर त्याला पहिल्यापासून गवतच म्हणत आलं आहे. एका म्हाताऱ्या कारागिरानं आमच्यासमोर बांबू चिरला, पाठ वेगळी, पोट वेगळं, आणि दोन्हीच्या सारख्या जाडीच्या कामट्या काढून दिल्या.

घरी येऊन आम्ही परीक्षा घेतली. कामटीचं एक टोक टेबलाला घट्ट बांधलं, दुसऱ्या टोकाला वाणसामानाच्या पुड्या लटकवल्या, आणि ती किती वाकते ते पट्टीनं मोजलं. पोटाची कामटी जिथे पार झुकली, तिथे पाठीची ताठ राहिली. कारण सरळ आहे. बांबूत ताकद असते ती धाग्यांच्या जुड्यांची, आणि त्या जुड्या सालीजवळ दाट, आत विरळ. धागे आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन, म्हणजे बांबू हाच मुळात एक कॉम्पोझिट. वारा जिथे जास्त ताण देतो तिथे त्यानं धागा जास्त ठेवला. 'बासाचा जीव पाठीत' या तीन शब्दांच्या बोलण्यात हे सगळं होतं.

मग कार्बनची पट्टी लावली. आता खोटं कशाला बोला, तिनं बांबूला मागे टाकलं. वजनाच्या मानानं ताठपणा बघितला तर बांबूची चांगली पाठ काचेच्या धाग्याच्या पट्टीच्या तोडीस तोड उतरते, पण कार्बन दोघांच्याही कितीतरी पुढे. आपल्या मातीतलं तेच श्रेष्ठ, असं लिहून टाळ्या घ्यायचा मोह मला होतो. पण एकदा तळपद्यांच्या वेळी तो करून झाला आहे.

शेवटी नातवानं पंख असा केला. आत थर्माकोल, गरम तारेनं कापलेलं. मधल्या भागात जिथे सगळ्यात जास्त वाकवणारा जोर येतो, तिथे वर आणि खाली कार्बनच्या पातळ पट्ट्या. टोकांकडे जोर कमी, म्हणून तिथे पट्टी निमुळती. वर काचेचं विणलेलं कापड, एका चौरस मीटरला पन्नास ग्रॅम भरणारं. कूलरवाल्यांकडे मिळते ती जाड, विस्कटलेल्या धाग्यांची चटई नाही. ती रेझिन पिऊन पिऊन जड होते. कापड त्यानं तिरकं कापून लावलं. मी म्हटलं, "याला आमच्याकडे उरेब कापणं म्हणतात." पण गंमत बघा, शिवणात उरेब कापतो ते कापड अंगाबरोबर लवावं म्हणून, आणि पंखात लावतात ते पंख पिळला जाऊ नये म्हणून. पिळवटणारा जोर तिरकाच येतो, तेव्हा तिरके धागे त्याला थेट अडवतात.

यावेळी इपॉक्सी होतं. रेझिन आणि हार्डनर स्वयंपाकाच्या काट्यावर तोलून घेतलं, कारण अंदाजपंचे प्रमाण चुकलं की ते कधीच नीट वाळत नाही. हिवाळा असल्यामुळे हात फिरवायला वेळ मिळाला. आमच्या मे महिन्यात वाटीतच दगड झाला असता. आणि पंखाची पुढची कड व जमिनीला घासणारी टोकं? तिथे त्यानं बांबूच्या पाठीची कामटी लावली. कार्बन ताठ खरा, पण आडवा मार बसला की काडकन मोडतो. बांबू लवतो आणि परत येतो. "आजी, इथे हाच बरोबर आहे," तो म्हणाला. माझ्या समाधानासाठी म्हणाला का, असं मी विचारलं. तर म्हणाला, "नाही, मोजलंय."

धान कापून झालेल्या बांध्यांत आम्ही ते उडवलं. पहिल्या फेकीला नाक खाली गेलं. नाकातलं वजन थोडं कमी केलं. तिसऱ्या फेकीला ते तीन धुरे ओलांडून गेलं आणि तणशीच्या ढिगाशेजारी अलगद टेकलं. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या शेतातल्या बायाही थांबून बघत होत्या.

गोंदिया १९९९ साली आमच्या जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी बिरसीची धावपट्टी भंडारा जिल्ह्यातच होती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. आता तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. तिथल्या प्रशिक्षणात वापरलेली डायमंड कंपनीची छोटी विमानं कॉम्पोझिटची असतात, आणि त्या ऑस्ट्रियन कंपनीचं मूळ 'डिमोना' नावाच्या मोटर-ग्लायडरमध्ये आहे. इकडे नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगच्या ७८७ विमानासाठी कार्बन कॉम्पोझिटच्या तुळया तयार झाल्या. २०१८च्या फेब्रुवारीत त्यांची पंचवीस हजारावी तुळई निघाली, तेव्हा पेपरात बातमी होती. माझ्या घरापासून हे अंतर तासा-दीड तासाचं. ज्या वर्गात मी 'हा तर पतंग झाला' म्हटलं, तिथून फार तर दोन तासांचं.

त्या मुलानं अशा कारखान्यात काम केलं असतं, असं मी म्हणणार नाही. तेव्हा ते कारखाने नव्हतेच. पण 'तू हे असं का लावलंस?' एवढं मी विचारू शकले असते. इतिहासाच्या तासाला मी मुलांना सारखी सांगायची की का, केव्हा, कसं हे तीन प्रश्न विसरू नका. त्या दिवशी मी स्वतः एकही विचारला नाही.

बुरड वस्तीतून निघताना कळलं, बांबू चिरून देणारे ते म्हातारे गृहस्थ त्याचे काका. मुलगा आता साठीकडे झुकला असेल, नागपूरला असतो. काकांनी त्याचा नंबर एका बिडीच्या पाकिटाच्या कागदावर लिहून दिला. तो कागद चार दिवस देवघरातल्या पोथीत होता. काय बोलायचं हे ठरत नव्हतं. नातू पुण्याला परत जाताना म्हणाला, "आजी, फक्त एवढं विचार, धांड्याचा गाभा घालायचं कसं सुचलं? आम्हाला खरंच हवं आहे ते."

तेच विचारणार आहे. हे लिहून झालं की लगेच.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.